पुढचं गाणं कुणाचं?

चक एकर्स मरतो तेव्हा बाहेर स्टेजवर कार्यक्रम चालू असतो. चक हा म्हातारा गायक. त्याचं गाणं म्हणून झालेलं असतं, टाळ्या मिळालेल्या असतात. आता रंगपटात येऊन तो आपल्या मैत्रिणीची वाट बघत बसलेला असतो. ही मैत्रीण म्हणजे सगळ्या कलाकारांसाठी सँडविच घेऊन येणारी वयस्कर बाई. तिच्यासाठी त्याने मेणबत्त्या लावल्यात, अंगावरचे जाड कपडे उतरवलेत, संगीत लावलंय. ती येईपर्यंत तो खुर्चीतच गेलेला असतो. विंगेत बातमी पसरते. कुणी रडतं, कुणी नुसतं उभं राहतं. पण स्टेज मॅनेजरच्या हातात कार्यक्रमाचा कागद आहे, त्यावर पुढची नावं आहेत, आणि रेडिओ लावून बसलेल्या माणसांना यातलं काहीच माहीत नाही. पुढची जोडी माइकपाशी जाते आणि गायला लागते.

हा प्रसंग आहे दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांच्या 'अ प्रेअरी होम कम्पॅनियन' या 2006 सालच्या चित्रपटातला. हा चित्रपट मला इतका जवळचा का वाटतो, हे नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. अमेरिकेच्या उत्तरेकडचं मिनेसोटा राज्य, तिथलं सेंट पॉल शहर, एक जुनं नाट्यगृह आणि शनिवारच्या संध्याकाळी तिथून थेट प्रसारित होणारा गाण्यांचा, विनोदांचा, खोट्या जाहिरातींचा कार्यक्रम. टेक्सासच्या एका कंपनीने रेडिओ स्टेशन आणि नाट्यगृह विकत घेतलंय. नाट्यगृह पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार. आजची रात्र शेवटची. गोष्ट म्हणावी तर एवढीच. बाकी दीड तासाहून जास्त वेळ माणसं गातात, गप्पा मारतात, कागद हरवतात, एकमेकांच्या जुन्या जखमांना हात लावतात आणि परत गातात.

हा कार्यक्रम खरोखरच होता, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. गॅरिसन कीलर या लेखकाने तो 6 जुलै 1974 रोजी सेंट पॉलमधल्या मॅकॅलेस्टर कॉलेजच्या सभागृहात सुरू केला. पहिल्या दिवशी समोर जेमतेम डझनभर माणसं होती. पुढे तो देशभर पोचला, आठवड्याला ऐकणारे 40 लाखांच्या आसपास गेले. त्याच्या जन्माची हकीकत तर या चित्रपटाच्या विषयाला फार जवळची आहे. 1974 च्या मार्चमध्ये नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला लोकसंगीताचा रेडिओ कार्यक्रम आपलं जुनं घर, रायमन ऑडिटोरियम, सोडून शहराबाहेरच्या नव्या थिएटरात गेला. नव्या स्टेजमध्ये जुन्या स्टेजच्या लाकडाचा एक गोल तुकडा कापून बसवला गेला, त्यावर उभं राहून गायक आजही गातात. त्या स्थलांतरावर एका साप्ताहिकासाठी लिहायला कीलर नॅशव्हिलला गेले होते. परत आल्यावर तीन-चार महिन्यांत त्यांनी स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. म्हणजे एका कार्यक्रमाची जुन्या घरातली शेवटची रात्र पाहून दुसरा सुरू झाला.

चित्रपट कीलर यांनीच लिहिला आणि त्यात निवेदकाची, 'जीके'ची, भूमिकाही त्यांनीच केली. खऱ्या कार्यक्रमाचा गाभा होता त्यांचं स्वगत: लेक वोबगॉन नावाच्या काल्पनिक गावातल्या बातम्या. चित्रपटात ते स्वगत नाही. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. ते असतं तर चित्रपट एका माणसाचा झाला असता आणि बाकीचे सगळे त्याच्या भोवतीचे. इथे तसं कुणीच नाही. मेरिल स्ट्रीप आणि लिली टॉमलिन या जॉन्सन बहिणी आहेत, पूर्वी चौघी गात, आता दोघीच उरल्यात. वुडी हॅरलसन आणि जॉन सी. रायली हे चावट विनोद सांगणारे गाणारे गुराखी. केव्हिन क्लाइन दारावरचा पहारेकरी, जो स्वतःला अजून जुन्या काळचा खासगी गुप्तहेर समजतो. आणि यांच्या बरोबरीने खऱ्या कार्यक्रमातले वादक, गायक, आवाज काढणारा माणूस. कोण नट आणि कोण खरा, हे थोड्या वेळाने कळेनासं होतं. नटमंडळी स्वतः गायलीत, तेही चांगली, पण फार सफाईने नव्हे. स्ट्रीपबाईंचा आवाज एका ठिकाणी गहिवरतो आणि तो तसाच ठेवलाय.

मी सोलापुरात वाढले आणि कॉलेजच्या दिवसांत एका हौशी नाट्यसंस्थेत पार्श्वसंगीत सांभाळायचे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी, कॅसेट प्लेअर, पेन्सिलने मागे-पुढे केलेली फीत, संहितेच्या समासात लाल शाईने लिहिलेल्या खुणा. त्यामुळे कुठलाही रंगमंचाचा चित्रपट बघताना माझे डोळे आपोआप विंगेकडे जातात. बहुतेक चित्रपटांना विंग म्हणजे काय ते माहीतच नसतं. तिथे नटी डोळे मिटून उभी असते, दिग्दर्शक पाठीवर हात ठेवतो, मग पडदा उघडतो. खऱ्या विंगेत कुणीतरी वडापाव खात असतं, कुणाच्या तरी मुलाच्या दहावीच्या मार्कांची चौकशी चालू असते, आणि अर्धं वाक्य तिथेच सोडून माणूस प्रकाशात जातो आणि वेगळाच कुणीतरी होतो. ऑल्टमन यांना हे माहीत आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला जीके आपण रेडिओत कसे आलो याची एक लांबलचक गोष्ट सांगतोय. कार्यक्रम सुरू व्हायला सेकंद उरलेत, स्टेज मॅनेजरचा जीव वर-खाली होतोय, आणि हा सांगत-सांगत, रमतगमत चालत चालत माइकपाशी पोचतो आणि नेमक्या क्षणी पहिला शब्द उच्चारतो. ही गोष्ट तो प्रत्येक वेळी वेगळी सांगतो. असा एक तरी माणूस प्रत्येक नाटक कंपनीत असतो, ज्याला तिसऱ्या घंटेची भीती वाटत नाही. बाकीच्यांचा रक्तदाब त्याच्यामुळेच वाढतो आणि त्याच्यामुळेच खाली येतो.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो माझा प्रांत. ऑल्टमन यांनी 1970 च्या दशकापासून एक पद्धत बसवली होती: नटांना वेगवेगळे माइक लावायचे, सगळ्यांचं बोलणं एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करायचं आणि नंतर ठरवायचं की कुणाचा आवाज वर आणायचा. त्यामुळे त्यांच्या चित्रपटात माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, जशी ती घरात बोलतात. जॉन्सन बहिणींच्या रंगपटातला प्रसंग याचा कळस आहे. आरशासमोर दोघी बहिणी आईच्या, बापाच्या, जुन्या दौऱ्यांच्या आठवणी काढताहेत. एकीचं वाक्य दुसरी पुरं करते, मध्येच खोडते, तिसरीच आठवण काढते, आणि कोपऱ्यात बसलेली लोला, म्हणजे स्ट्रीपबाईंच्या पात्राची मुलगी, वहीत आत्महत्येवरच्या कविता लिहीत असते. पहिल्यांदा मी हे सबटायटल लावून पाहिलं. सबटायटलमध्ये एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. नंतर ती बंद करून पाहिलं आणि अर्धे शब्द निसटूनही प्रसंग जास्त कळला. दिवाळीत माहेरी जमलेल्या मावश्यांचं बोलणं असंच कळतं, शब्दाशब्दाने नाही.

आणि टॉम कीथ. खऱ्या कार्यक्रमात तो वर्षानुवर्षं तोंडाने आणि हाताशी असलेल्या वस्तूंनी आवाज काढत असे, 2011 मध्ये तो वारला. चित्रपटात एका जाहिरातीच्या वेळी कागद गहाळ होतात. थेट प्रसारण आहे, गप्प बसता येत नाही. मग जीके डक्ट टेपच्या जाहिरातीत मनाला येईल ते बोलत सुटतो, जॉन्सन भगिनी त्यात भर घालतात, आणि टेबलामागे उभा असलेला टॉम कीथ प्रत्येक शब्दाला आवाज देत धावतो. त्याचा चेहरा बघा. तो हसत नाही, पूर्ण लक्ष देऊन काम करतोय. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला त्या टेबलाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नारळाच्या करवंट्यांवर दौडणारे घोडे आपणही ऐकलेत आणि ते खरे होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आजची रात्र शेवटची आहे हे स्टेजमागच्या प्रत्येकाला माहीत आहे, पण श्रोत्यांना कुणी सांगत नाही. जीके सांगायला तयार नाही. त्याचं म्हणणं, प्रत्येक कार्यक्रम हा शेवटचाच असतो, त्याच तयारीने करायचा. चक गेल्यावर लोला चिडते. त्याच्याबद्दल दोन शब्द तरी बोला, निदान क्षणभर शांत तरी राहा. जीके म्हणतो, माझं वय असं आहे की श्रद्धांजल्या वाहायला लागलो तर दुसरं काही करायला वेळच उरणार नाही. तुम्हाला लोकांनी आठवावं असं वाटत नाही का, या प्रश्नावर त्याचं उत्तर असं की, आठवण ठेवा असं लोकांना सांगावं लागू नये.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' असं ठळक छापायची पद्धत आहे आणि त्यात गैर काहीच नाही, लोक त्या निमित्ताने येतात. प्रयोग रद्द न करण्याची आपली परंपराही मोठी आहे. सकाळी घरातल्या माणसाला अग्नी देऊन संध्याकाळी रंग लावून उभे राहिलेल्या नटांच्या हकिकती आपण अभिमानाने सांगतो. मला त्या ऐकताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या नटाचं दुःख सांगणाऱ्याच्या कौतुकाखाली कुठेतरी झाकलं जातं आणि त्याग तेवढा उरतो. या चित्रपटात त्याग नाही. जीके गातो कारण आता गायची वेळ आहे. तो थोर दिसत नाही, उलट काही क्षण कोरडाच वाटतो. लोलाचा राग खरा आहे आणि चित्रपट तिला खोटं पाडत नाही.

आमच्या संस्थेत प्रॉम्प्टिंग करणारे एक काका होते. कायम डाव्या विंगेत, हातात संहिता, छोटी बॅटरी. ते स्पर्धेच्या प्रयोगाच्या थोडेच दिवस आधी वारले. प्रयोगाआधी सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली, कुणीतरी त्यांच्याविषयी बोललं. काय बोललं ते मला अजिबात आठवत नाही. पहिल्या अंकात आमच्या नायकाचं एक वाक्य अडलं. स्टेजवरच्या तिघांनी आणि विंगेतल्या आम्ही सगळ्यांनी एकाच क्षणी डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग समोरच्या मुलीने स्वतःच्या वाक्यात त्याचं वाक्य गुंफून त्याला सोडवलं. काकांनी दिलं असतं अगदी तसंच, आवाज न चढवता. ती मुलगी त्यांच्याकडूनच हे शिकली होती. म्हणून जीकेच्या बाजूने मी आहे. पण लोलाने विचारलेलं कुणीतरी विचारायलाच हवं, हेही मला तितकंच पटतं. आम्ही ती दोन मिनिटं उभेच राहिलो नसतो तर त्या मुलीला कसं वाटलं असतं, कोण जाणे.

चित्रपटात एक देवदूत आहे. पांढऱ्या कोटातली बाई, व्हर्जिनिया मॅडसन. ती पूर्वी याच कार्यक्रमाची श्रोता होती. गाडी चालवताना रेडिओवर दोन पेंग्विनांचा एक फुसका विनोद ऐकून हसली, गाडीवरचा ताबा सुटला आणि ती गेली. आता ती माणसांना न्यायला येते. चकच्या मैत्रिणीला ती सांगते की म्हातारा माणूस मरण पावणं ही शोकांतिका नव्हे. हे वाक्य अनेकांना फार आवडतं. मला ते अर्धंच पटतं. जगाच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण ते ऐकणारी बाई हातात सँडविचचा ट्रे घेऊन फिरणारी आहे आणि तिचं माणूस आत्ता गेलंय. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थोडा वेळ थांबतो. तिला ते वाक्य किती उपयोगी पडलं हे चित्रपट सांगत नाही, आणि ते बरं आहे.

हे सगळं ज्याने केलं तो दिग्दर्शक तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. 2005 च्या उन्हाळ्यात सेंट पॉलच्या फिट्झजेराल्ड थिएटरमध्ये चित्रीकरण झालं. वास्तू 1910 ची, शहरातलं अजून चालू असलेलं सर्वांत जुनं नाट्यगृह. सेंट पॉललाच जन्मलेल्या एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या लेखकाचं नाव त्याला 1994 मध्ये दिलं गेलं. ऑल्टमन यांची तब्येत इतकी नाजूक होती की विम्यासाठी एक राखीव दिग्दर्शक सेटवर ठेवावा लागला. पॉल थॉमस अँडरसन, स्वतः नावाजलेला दिग्दर्शक, ती जबाबदारी घेऊन रोज शेजारी उभा राहिला. स्टेज मॅनेजरची मदतनीस झालेली माया रुडॉल्फ ही अँडरसनची जोडीदार. ती तेव्हा खरोखरच गरोदर होती आणि चित्रपटातही तशीच आहे. म्हणजे कॅमेऱ्यामागे मरणाच्या वाटेवरचा म्हातारा, त्याची जागा घ्यायला तयार असलेला तरुण, आणि कॅमेऱ्यासमोर पोटात मूल घेऊन कागद सावरत धावणारी मुलगी. यातलं काहीच संहितेत लिहून आलेलं नव्हतं.

मार्च 2006 मध्ये ऑल्टमन यांना मानद ऑस्कर मिळालं. त्या भाषणात त्यांनी पहिल्यांदाच जाहीर केलं की सुमारे दहा वर्षांपूर्वी आपलं हृदय बदललंय, एका तरुण बाईचं हृदय आपल्याला मिळालंय, आणि त्या हिशेबाने आपल्यापाशी अजून चाळीस वर्षं आहेत. चित्रपट करणं त्यांना वाळूचा किल्ला बांधण्यासारखं वाटे, हेही त्यात होतं: मित्रांना गोळा करून किल्ला बांधायचा, मग बसून भरतीची लाट तो नेताना बघायचं. जूनमध्ये हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि 20 नोव्हेंबरला ते गेले. पुढच्या कामाची तयारी चालू होती.

चित्रपटातला कंपनीचा माणूस, टॉमी ली जोन्स, वरच्या सज्जात बसून कार्यक्रम बघतो. त्याला यातलं काही भिडत नाही. पहारेकऱ्याला वाटतं देवदूत याला घेऊन गेली तर थिएटर वाचेल. ती त्याच्या गाडीत बसते, तो मरतो. तरी थिएटर पाडायचं काम ठरल्याप्रमाणे सुरू होतं. हा प्रसंग मला पटतो, कारण निर्णय एका माणसाचा नव्हताच. तो गेला तरी कागदपत्रं तशीच पुढे सरकतात. आपल्या गावागावांतली एकपडदा चित्रपटगृहं अशीच गेली. ज्याच्यावर राग काढावा असा एक माणूस कुठेच सापडला नाही.

खऱ्या कार्यक्रमाचा शेवट चित्रपटापेक्षा फार वेगळा झाला. 1987 मध्ये कीलर यांनी एकदा तो जाहीरपणे संपवला होता, मग काही वर्षांनी परत सुरू केला. 2016 च्या जुलैत लॉस एंजलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये त्यांनी खरा निरोप घेतला, हजारो माणसांसमोर. राष्ट्राध्यक्ष ओबामांचा फोन आला. चित्रपटातल्या जीकेने जे टाळलं ते सगळं तिथे झालं. कार्यक्रम ख्रिस थिली या तरुण मँडोलिनवादकाकडे गेला. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये, कार्यक्रमात काम केलेल्या एका स्त्रीने केलेल्या गैरवर्तनाच्या आरोपांनंतर, मिनेसोटा पब्लिक रेडिओने कीलर यांच्याशी असलेले संबंध तोडले आणि कार्यक्रमाचं नावही बदललं. हे माहीत झाल्यावर चित्रपट बघताना जीकेच्या त्या शांतपणाकडे मी पूर्वीसारख्या निर्धास्तपणे बघू शकत नाही. त्या स्त्रीचं म्हणणं बाजूला सारून चित्रपटाचं कौतुक करायचं मला जमणार नाही. पण टॉम कीथचं टेबल, बहिणींचा रंगपट, कागद शोधणारी मुलगी हे एका माणसाचं नाही, आणि ते माझ्याकडून सुटत नाही.

मग 2020 आलं. प्रेक्षागृहं बंद झाली. नव्या नावाने चालू असलेला तो कार्यक्रम जूनमध्ये थांबवला गेला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी डझनभर माणसांसमोर सुरू झालेल्या गोष्टीला शेवटी खरी 'शेवटची रात्र' मिळालीच नाही. कुणी विंगेत उभं राहून रडलं नाही, कुणी शेवटचं गाणं कोणतं घ्यायचं यावर भांडलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. थिएटर मात्र उभं आहे. ते 2018 मध्ये एका स्थानिक संगीत संस्थेने घेतलं आणि तिथे मैफली होतात. पाडली ती चित्रपटातली वास्तू, खरी वाचली.

चित्रपटात कार्यक्रमाच्या शेवटी काही मिनिटं उरतात. ठरलेलं सगळं म्हणून झालंय आणि वेळ भरायचाय. लोलाला पुढे ढकलतात. तिला गाण्याचे शब्द नीट येत नाहीत, ती मध्येच आपले शब्द घालते, बँड तिला सांभाळून घेतो, आई विंगेतून बघत राहते. चकसाठी कुणी थांबलं नाही म्हणून चिडलेली हीच मुलगी. लिंडसे लोहानने हे इतकं सहज केलंय की तिच्याबद्दल तेव्हाच्या वर्तमानपत्रांत जे काही छापून येई त्यातलं काही आठवत नाही. पण लोला गायिका होत नाही. काही वर्षांनंतरच्या प्रसंगात ती कडक पोशाखात, फोनवर बोलत येते, घाईत आहे, आईकडून कागदांवर सह्या हव्यात. त्या एका संध्याकाळी ती गायली, तेवढंच. मुलांनी वारसा चालवावा ही आपली इच्छा चित्रपटाने पुरी केली नाही, आणि मला त्याबद्दल ऑल्टमन यांचा फार आदर वाटतो.

तो शेवटचा प्रसंग रेल्वेच्या डब्यासारख्या एका छोट्या उपाहारगृहात आहे. मिकीज डायनर, सेंट पॉलमधलं खरंखुरं. जुनी मंडळी कॉफी घेत बसलीत. थिएटर गेलं, रेडिओ गेला, आणि बोलणं चाललंय ते निरोपाचा एक दौरा काढायचं. पांढऱ्या कोटातली बाई दार उघडून आत येते. ती कुणासाठी आली ते आपल्याला कळत नाही. पण तोवर त्यांच्या डोक्यात दौरा पक्का होत आलेला असतो, आणि तो निघाला असता तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढून, विंगेतलं थोडं दिसेल अशी कडेची खुर्ची मागितली असती.